ड्रायव्हरचं मशीन आणि गावची बॅटरी

त्या ड्रायव्हरशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही आणि जमावं असं मला कधी वाटलंही नाही. मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर आहे. सकाळी डेपोतून निघायचं, आलापल्ली मागे टाकून जंगलातल्या रस्त्याने भामरागड गाठायचं आणि उजेड आहे तोवर परत यायचं, ही माझी ड्युटी. बायकांना सहसा मुक्कामाची गाडी देत नाहीत. पण दिवसभर एकाच माणसाबरोबर एकाच डब्यात काढायचा असतो, त्यामुळे ड्रायव्हर कसा मिळतो यावर आमचं निम्मं सुख ठरतं. माझा आधीचा ड्रायव्हर शांत माणूस होता. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी हा आला. चंद्रपूरचा, तिशीतला, गालात कायम खर्रा आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस जागा व्हावा.

पहिल्याच दिवशी गाडी सुटायच्या आधी त्याने बॉनेटवर एक काळी पिशवी ठेवली, चेन उघडली आणि आतून ते मशीन काढलं. जेवणाच्या ताटाएवढं लांब, मध्ये काच, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, मुठींवर बटणं आणि अंगठ्याने फिरवायचे दांडे. वरच्या बाजूने गरम हवा बाहेर येत होती.

"बाई, हे पाहा," तो म्हणाला. "गेम खेळाचं मशीन. हातात धराचं हाय, पण ताकद पाहाल तर घरच्या मोठ्या कम्प्युटरले खाली पाडते."

"मग घरीच पाडा नं," मी म्हटलं. "इथी गाडीत कोनाले पाडाचं हाय?"

तो हसला आणि त्या मशीनच्या आतल्या गोष्टी सांगायला लागला. किती कोअर, किती मेमरी, एका सेकंदात किती चित्रं. मला त्यातलं काही कळत नव्हतं असं नाही. माझा भाऊ, आमचा भाईजान, मूल गावच्या बाजारात घड्याळं, रिमोट, रेडिओ दुरुस्त करतो, लहानपणापासून मी त्याच्या दुकानात बसलेली आहे. मला त्या माणसाचा सूर आवडला नाही. आमच्या आळीत नवा बैल आणणारा माणूस असाच बोलायचा. बैल चांगला असायचा, पण तो दुसऱ्याच्या बैलाकडे बघत बघत बोलायचा.

माझ्याकडेही एक खेळ होता. तो कसा आला ते सांगायला हवं, कारण ड्रायव्हर त्याला शेवटपर्यंत हसत राहिला.

मी खर्रा खायची. आमच्याकडे बायकाही खातात, त्यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकमध्ये घोटून घ्यायचा आणि गालात धरायचा. गाडी थांबली की हात आपोआप पिशवीत जायचा. होता होता तोंड उघडेना. भाकरीचा मोठा घास जाईना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, आत्ता सोडा, नाहीतर पुढे आम्हीही काही करू शकणार नाही. मी सोडला. पण तोंडापेक्षा हाताची सवय वाईट. नाल्याजवळ गाडी थांबली, समोरून ट्रक येईपर्यंत वाट बघायची वेळ आली, की बोटं वळवळायची.

मी मूलला गेले तेव्हा भावाने हे पाहिलं. त्याने दुकानातल्या खोक्यातून एक जुना खेळ काढला. कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला आलंच नव्हतं. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, मुळात पांढरा, आता पिवळट. मागे दोन पेन्सिल सेल घालायचे. स्क्रीनला आतून उजेड नाही, बाहेरच्या उजेडातच दिसणार.

"तुझ्या हाताले काम पाह्यजे," भाईजान म्हणाला. "घे. तोंड बंद ठेव अन् बोटं चालव."

त्यात एक ठेंगणा माणूस असतो आणि खोकी असतात. माणसाने खोकी ढकलत ठरलेल्या जागी न्यायची. ढकलता येतं, ओढता येत नाही. एखादं खोकं भिंतीला चिकटलं की संपलं, पहिल्यापासून सुरू करा. एवढंच. मी तो खेळ कंडक्टरच्या सीटवर खिडकीच्या उजेडात धरून खेळायची. प्रवासी चढला की खिशात टाकायची, तिकीट फाडायची, परत काढायची. सेल किती दिवस पुरायचे ते मी कधी बघितलं नाही, कारण ते संपतच नसत असं वाटायचं. खर्रा सुटला तो त्या ठेंगण्या माणसामुळे. मला त्याच्याबद्दल माया आहे आणि ती मी कोणापासून लपवत नाही.

ड्रायव्हरने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "हा कशाचा रिमोट हाय?"

मी सांगितलं. त्याने हातात घेतला, उलटा केला, सेलचं झाकण पाहिलं आणि परत देताना म्हणाला, "बाई, ह्याच्यापेक्षा जास्त दिमाग आमच्या गाडीच्या वायपरले असते."

दुसऱ्या दिवशी डेपोच्या कॅंटीनमध्ये त्याने हेच चारचौघांत केलं. माझा खेळ टेबलावर होता. त्याने त्याच्या शेजारी आपलं मशीन ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "पाहा रे, हत्ती अन् गोचीड!" सगळे हसले. मेकॅनिकही हसला, ज्याच्या पोरीच्या लग्नात मी दिवसभर पोळ्या लाटल्या होत्या. मी चहा तसाच ठेवून उठले. तेव्हापासून मी त्या ड्रायव्हरला 'भाऊ' म्हणणं सोडलं. नुसतं 'ड्रायव्हर' म्हणायचे, आणि त्याला ते कळायचं.

खोटं कशाला सांगू, मी ते मशीन एकदा खेळूनही पाहिलं. भामरागडला गाडी थांबली होती, परतायला वेळ होता, आणि तोच म्हणाला, "घ्या, हातात धरून पाहा, मग बोला." मी धरलं. आधी ते चालूच होईना. नेटवरून काहीतरी उतरवून घेत होतं, मग परत काहीतरी. एवढ्यात मनगट दुखायला लागलं. तळव्याला गरम भाकरी धरल्यासारखं झालं. मग चित्र आलं, आणि ते चित्र सुंदर होतं. त्यात एक जंगल होतं. पान न् पान वेगळं हलत होतं, पाण्यात ढग दिसत होते, चिखलात पाऊल टाकलं की ठसा उमटत होता. मी काही वेळ नुसती चालतच राहिले. कोणाला मारायचं होतं ते मी मारलं नाही.

"हाय का नाई?" तो म्हणाला. "असं जंगल तुमच्या ह्या जंगलात तरी हाय का?"

त्याने खिडकीबाहेर हात केला. बाहेर साग होता, मोह होता, खाली नदी होती. मी मशीन त्याच्या मांडीवर ठेवलं आणि खाली उतरले. तेवढ्यात त्याने मागून हाक मारली, "बॅटरी खाल्ली बाई तुम्ही! निम्मी बी नाई राह्यली!" मी किती खेळले होते? एक कप चहा होतो तेवढाच वेळ.

उन्हात तर त्याची काच दिसायचीच नाही. थांब्यावर तो डोक्यावरून टॉवेल घेऊन त्यात मशीन धरून बसायचा, सर्दीला वाफ घेणाऱ्या माणसासारखा. प्रवासी विचारायचे, ड्रायव्हरला बरं नाही का? मी सांगायचे, नाही, जुना आजार आहे.

मग पावसाळा आला. आमच्या त्या रस्त्यावर नवे पूल झाले, काही होऊन राहिले आहेत, पण मधले नाले कोणाचं ऐकत नाहीत. त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा पाऊस साधाच होता. भामरागडच्या अलीकडच्या एका नाल्याशी आलो तर पुलावरून पाणी. गाडी वळवली. मागे आलो तर जो नाला आम्ही तासाभरापूर्वी ओलांडला होता तोही भरलेला. मध्ये रस्त्यापासून थोडं वर एक छोटं माडिया आदिवासींचं गाव होतं. गाडीत मोजकेच लोक होते, ते सगळे त्याच भागातले. कोणी पायवाटेने नातेवाइकांकडे निघून गेलं, कोणी गावात शिरलं. उरलो आम्ही दोघं. बायकांना मुक्कामाची ड्युटी देत नाहीत हे नाल्याला कोण सांगणार?

ड्रायव्हरने गाडी उंचावर लावली. गावातल्या आशाताईंनी आम्हाला घरी नेलं. त्या गावातल्या बायाबापड्यांच्या तब्येतीचं काम बघणाऱ्या, चाळिशीच्या, मराठी थांबून थांबून पण नीट बोलणाऱ्या. घरात त्या आणि त्यांचे म्हातारे सासरे. नवरा कामासाठी तेलंगणात गेलेला. आम्हाला दोन खाटा दिल्या, ड्रायव्हरची पडवीच्या एका टोकाला, माझी आत त्यांच्या खोलीत. जावा प्यायला दिली, म्हणजे आंबवलेली पातळ पेज. कोणी काही विचारलं नाही की किती दिवस राहणार.

त्या घराच्या छपरावर सोलरची पाटी होती आणि कोपऱ्यात एक बॅटरी. सरकारी योजनेतून आलेली. गावात वीज येते, पण पाऊस सुरू झाला की जी जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. मग सगळ्या गावाला तीच बॅटरी. संध्याकाळी दोन दिवे लागायचे, लोक आपापले मोबाइल आणून लावायचे. मुख्य म्हणजे आशाताईंचा मोबाइल. गावाबाहेर एक टेकाड होतं, त्यावर उभं राहिलं की रेंज यायची. गावातल्या एका बाईचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. आशाताई सकाळी आणि दुपारी टेकाडावर जाऊन तालुक्याच्या दवाखान्याला तिची खबर द्यायच्या आणि होडी येऊ शकते का, पाणी उतरतंय का ते विचारायच्या. हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हाला दोघांनाही सांगितलं. ड्रायव्हर तिथेच बसला होता. मान हलवत होता.

मान हलवून झाल्यावर तो उठला, पिशवीतून वायर काढली आणि मशीन त्या बॅटरीला लावलं.

"पावरबँक पुरी खल्लास झाली," तो मला म्हणाला, जणू मी विचारलं होतं.

"गाडीची बॅटरी हाय नं एवढी मोठी?" मी म्हटलं.

"गाडीचं सॉकेट तुटलं हाय. अन् गाडीच्या बॅटरीले मी हात नाई लावत. उद्या गाडी स्टार्ट नाई झाली तर जवाब कोन देईन?"

हे मी नीट लक्षात ठेवलं. गाडीच्या बॅटरीची त्याला काळजी होती.

तिथे त्याचे निम्मे खेळ उघडलेच नाहीत. त्यांना आधी नेट पाहिजे, मग ते मालकाला ओळखणार. जे उघडले ते तो खेळत राहिला. सकाळी खेळला, जेवून खेळला, संध्याकाळी खेळला, आणि वायर लावलेलीच. बाहेर पाऊस, आकाश मडक्याच्या बुडासारखं काळं. छपरावरच्या पाटीला ऊन दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे पिवळे झाले आणि बॅटरीजवळचा इन्व्हर्टरचा डबा टीं टीं करायला लागला. लोक मोबाइल घेऊन आले होते. त्यांनी तो आवाज ऐकला, वायरकडे पाहिलं, आणि आपापले मोबाइल परत घेऊन गेले.

मी बोलले. "ड्रायव्हर, काढा ते."

"पाच मिनिटं, बाई. मधातच सोडलं तर सेव्ह होत नाई."

"त्या बाईचा मोबाइल लावाचा हाय."

"लावा नं. मी कुठी नाई म्हनून राह्यलो? दोन दोन जागा हायत." आणि मग, नजर मशीनवरून न काढता, "पाहुने आलो हाव आपन. पाहुन्याले कोनी असं म्हनते का?"

आशाताई दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "राहू द्या, बाई." मला त्यांचाही राग आला. राहू द्या म्हणजे काय? मी स्वतः जाऊन वायर ओढली. त्याने नुसतं बघितलं. मी आत जाऊन पडले. सकाळी उठले तर वायर परत लावलेली होती आणि बॅटरी मेली होती. डबा आता टीं टींही करत नव्हता. आशाताईंचा मोबाइल टेकाडावर पोहोचायच्या आधीच बंद पडला. माझा तर पहिल्या दिवशीच पावसात भिजून गेला होता.

मग त्यांचे सासरे उठले. वय झालेलं, गुडघा धरून चालायचे. त्यांनी डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता घेतला, सुनेचा मोबाइल पिशवीत गुंडाळून कमरेला बांधला आणि निघाले. डोंगराच्या पलीकडच्या गावात शाळेवर एक बॅटरी होती. वाट जंगलातून, पावसातून. जाताना ते पडवीशी थांबले आणि ड्रायव्हरकडे हात पसरला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी खुणेने त्याचा मोबाइल मागितला. तोही बंद होता ना! तोही ते चार्ज करून आणणार होते.

आणि त्याने दिला.

म्हातारा वाटेला लागल्यावर ड्रायव्हर खाटेवर बसून म्हणाला, "ही बॅटरीच भंगार हाय. पावरच नाई इच्यात."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा चिडले आहे. प्रवाशांवर, सुट्ट्यांवरून, दारूड्यांवर. पण अशी नाही. मी म्हटलं, "पावर होती तिच्यात. साऱ्या गावाची पावर होती. तुमी खाल्ली."

"मी एकटाच होतो का? सारे लावत होते."

"सारे मिळून लावत होते तरी दिवे लागत होते. तुमच्या ह्या हत्तीनं दोन दिवसांत आख्खं गाव पिऊन टाकलं. काय केलं त्यानं एवढ्या ताकदीचं? सांगा नं. खोटं जंगल दाखवलं तुमाले, खऱ्या जंगलात बसून!"

"तुमची जलन हाय, बाई. तुमच्या डब्याले काई जमत नाई म्हनून—"

मशीन खाटेवर पडलं होतं. मी ते उचललं, आत गेले, माझी तिकिटांची पत्र्याची पेटी उघडली, त्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. तो धावत आला. पेटीची एक कडी त्याने धरली, एक मी.

"उघडा."

"नाई."

"माझी वस्तू हाय! चोरी हाय ही!"

"डेपोत गेल्यावर देईन. तिथी सांगा चोरी केली म्हनून."

त्याने पेटी हिसकली. माझं मनगट कडीत वळलं आणि मी ओरडले. आशाताई मध्ये आल्या नाहीत, फक्त चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. बहुधा त्यामुळेच त्याने कडी सोडली. बाहेर गेला आणि दिवसभर गाडीत जाऊन बसला. जेवायलाही आला नाही. त्याचं ताट आशाताई स्वतः पावसात गाडीकडे घेऊन गेल्या. मी म्हटलं, उपाशी मरू द्या. त्यांनी ऐकलं नाही.

परत आल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या. माझा खेळ बाहेर होता, मनगट दुखत असूनही मी खोकी ढकलत होते, राग उतरत नव्हता म्हणून. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा बी खेळच हाय नं, बाई?"

"हा सेलवर चालते," मी म्हटलं. "माझे सेल. तुमची बॅटरी नाई खात."

त्यांनी मान हलवली. "त्याले करमत नाई. तुमाले बी करमत नाई," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. मला ते फार लागलं. दोन गोष्टी एका पारड्यात टाकल्या होत्या त्यांनी. मी परत समजावून सांगायला गेले, त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना फरक दिसला असं मला वाटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सासरे परत आले. पिंडऱ्यांपर्यंत चिखल, अंगावरचे कपडे निथळत होते. दोन्ही मोबाइल कोरडे. सुनेचा सुनेला दिला, मग गाडीकडे जाऊन ड्रायव्हरला त्याचा दिला. मी मुद्दाम मागे गेले होते, तो काय म्हणतो ते ऐकायला. त्याने बटण दाबून काच पाहिली आणि म्हणाला, "फुल नाई झाला?"

म्हाताऱ्याला मराठी फारसं येत नव्हतं. ते हसले आणि निघून गेले.

पुढच्या दिवशी पाऊस थांबला. भामरागडकडचा नाला आधी उतरला. त्या दिवस भरलेल्या बाईला आणि आशाताईंना आम्ही आमच्याच गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. गाडी त्याने चांगली चालवली, हे मला नाकारता येत नाही. वाहून गेलेल्या रस्त्यावर एकेक खड्डा चुकवत, उतरून पाहून, परत चढून, असा त्याने तो रस्ता काढला. बाईला एक धक्का बसू दिला नाही. तिला मुलगी झाली, ती नंतर, दवाखान्यात, सगळं नीट झालं. पण त्या चांगल्या चालवण्याने माझ्या मनातलं काही पुसलं गेलं नाही. हातातलं मशीन पेटीत बंद होतं म्हणून हात स्टिअरिंगवर होते, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

डेपोत पोहोचल्यावर मी कुलूप उघडून मशीन त्याच्या हातात दिलं. त्याने तिथेच तक्रार केली, की कंडक्टरबाईंनी माझी खासगी वस्तू जबरदस्तीने काढून घेतली. साहेबांनी दोघांना बोलावलं. मी बॅटरीचं सांगितलं, म्हाताऱ्याचं सांगितलं. साहेबांनी विचारलं, बॅटरी आपली होती का? मी म्हटलं, नाही. गावाने तक्रार केली का? नाही. "मग?" ते म्हणाले. आणि आम्हाला दोघांना समजून घ्यायला सांगितलं. मी दुसरा ड्रायव्हर मागितला. माणसं कमी आहेत, म्हणाले.

मग आम्ही बरेच महिने एकमेकांशी न बोलता त्याच रस्त्यावर गाडी चालवली. मी एक घंटा दिली की तो थांबायचा, दोन दिल्या की निघायचा. त्याहून जास्त बोलायची आम्हाला गरज पडली नाही. त्याने विटेएवढी जड नवी पावरबँक घेतली. मशीन डोक्यावरच्या टॉवेलखाली चालूच राहिलं.

या सगळ्यावर भाईजानचं मत माझ्याहून वेगळं. मी मूलला गेले तेव्हा त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो माझ्या बाजूने बोलेल. तो भिंग डोळ्याला लावून कोणाच्या तरी घड्याळात बघत होता. म्हणाला, "मशीनची काय गलती? ताकदीनं काई वाईट नाई होत. चांगलं चित्र पाहाले कोनाले नाई आवडत? त्याच्याजवळ तुझा खेळ असता तरी तो असाच राह्यला असता."

"नसता," मी म्हटलं. "माझा खेळ असता तर दोन सेल संपले असते. गाव नसतं संपलं."

"मग सेल मागाले गेला असता त्या म्हाताऱ्याले."

"तुले त्याचा पुळका काऊन?"

"मले पुळका नाई. मी दुकानात रोज पाह्यतो. लोकं म्हनतेत जास्त पावरचं द्या. देतो. मग बॅटरी टिकत नाई म्हनून माझ्याशीच भांडतेत." तो हसला. मी हसले नाही. आमचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. अजूनही हा विषय निघाला की वाजतं. माझं म्हणणं साधं आहे. हातात धरून कुठेही न्यायची वस्तू असेल तर जिथे नेली तिथे तिला जगता आलं पाहिजे. यजमानाच्या घरातलं सगळं खाल्ल्याशिवाय जिला जगता येत नाही, तिची ताकद माझ्या लेखी ताकद नाही. भाईजान म्हणतो मी एका माणसाचा राग एका यंत्रावर काढते. काढत असेन. दोघांवर काढण्याइतका माझ्याकडे आहे.

शेवटी ड्रायव्हरची बदली चंद्रपूरला झाली. जाताना तो माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. नंतर ऐकलं की तिकडच्या कॅंटीनमध्ये तो ही गोष्ट रंगवून सांगतो. जंगलात पुरात अडकलो असताना एका कंडक्टरबाईने माझं मशीन जप्त केलं, कारण तिचा दोन सेलचा डबा त्याच्यापुढे टिकेना. लोक पोट धरून हसतात म्हणे. त्यात बॅटरी नसते, म्हातारा नसतो. आमच्या डेपोतल्याच एकाने मला हे सांगितलं आणि सांगताना तोही हसत होता. मी तिकिटांची पेटी उचलली आणि गाडीत चढले.

आता माझ्याबरोबर एक वयस्कर ड्रायव्हर आहे. तो काही खेळत नाही, खूप बोलतो. त्या गावाच्या फाट्यावर कधीकधी आशाताई गाडीत चढतात. मोहाची फुलं वाळवून भामरागडच्या बाजाराला नेतात, कधी दवाखान्यात मीटिंग असते. माझ्या शेजारच्या सीटवर बसतात. सासऱ्यांचा गुडघा आता फार दुखतो, ते बाहेर पडत नाहीत. आम्ही पाऊसपाणी, बाळंतपणं, रस्ते असं बोलतो. त्या दिवसांबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही.

मागच्या खेपेला उतरताना त्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "तो पोरगा कुठी गेला, बाई? गाडी चांगली चालवे."

"चंद्रपूरले," मी म्हटलं.

"भेटला तर सांगजा, घरी येजो म्हना. सासरे याद करतेत त्याले."

मी बरं म्हटलं आणि दोन घंटा दिल्या. अजून मी त्याला ते सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.